भरीव सळईतून लेखणी



या व्यासपीठावरून लेखणीविषयी बोलणारे थोर लोक पुष्कळ होऊन गेले असतील. परंतु ते बोलले ते लेखणीने काय लिहिले गेले, याविषयी. लेखणी स्वतः कशी होते, ती कोण करतो आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा विषय इथे फारसा कोणी घेतला नसावा. चालकांनी आम्हांला ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा भारदस्त विषय सुचविला होता. आम्ही त्यांना विनंती केली, की तोच विषय आम्ही एका पेनाच्या आधाराने मांडू. त्यांनी हसून परवानगी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे निम्मे शिक्षण लेथवर झाले आणि निम्मे सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा कारखान्यातले शब्द तोंडी येतील, ते विद्वानांनी चालवून घ्यावेत. कोशात लेथला कातयंत्र म्हणतात. शब्द चांगला आहे. आपल्याकडचा कातारी लाकूड काततो, तसे हे धातू कातते. पण तीस-पस्तीस वर्षांत कारखान्याच्या दारात आम्ही हा शब्द एकदाही ऐकला नाही. खंडेनवमीला झेंडूची माळ घालतात तीही लेथलाच घालतात. म्हणून आम्हीही लेथच म्हणू.

आपल्या खिशातले नेहमीचे पेन प्लॅस्टिकचे असते. ते साच्यात ओतून, एका दाबासरशी अनेक, असे होते. धातूची म्हणून मिळणारी पेने बहुधा पातळ पत्र्याच्या नळीची असतात. आम्ही बोलणार आहोत ते पेन निराळे. त्याला साचा नाही, नळी नाही. पितळेची, अ‍ॅल्युमिनियमची, पोलादाची किंवा टायटॅनियमची भरीव सळई घ्यायची, ती लेथच्या चकमध्ये धरायची, आणि पेन नसलेला सगळा भाग काढून टाकायचा. आपल्या देशात हाताने कातलेल्या पेनांची परंपरा आहे, पण ती मुख्यतः एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी अशी स्वदेशी पेने केली आणि महात्माजींनी १९३५ साली त्यांना पत्र लिहून पेन पसंत असल्याचे कळविले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. एबोनाइट लेथवर लोण्यासारखे कापले जाते. धातू तसा वागत नाही, आणि आमच्या विषयाला सुरुवात तिथेच होते.

प्रथम वजनाचा हिशेब सांगतो, कारण त्यात पुष्कळ गोष्टी आल्या. टोपणासह एका फाउंटनपेनाला १६ मिलिमीटर जाडीची आणि साधारण १८० मिलिमीटर लांबीची सळई लागते. पितळेची असेल तर ती सुमारे ३०८ ग्रॅम भरते. त्यातून जे पेन निघते, ते ७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त पितळ कीस होऊन लेथच्या खालच्या ट्रेमध्ये पडते. हेच पेन अ‍ॅल्युमिनियमचे केले तर ९८ ग्रॅममधून २२ उरतात. टायटॅनियमचे केले तर १६० मधून ३६ किंवा ३७. एखादा हिशेबी गृहस्थ म्हणेल, ही शुद्ध उधळपट्टी आहे. मालाच्या बाजूने तो बरोबर आहे. मात्र पितळेचा कीस वाया जात नाही, तो भंगारात चांगल्या भावाने जातो आणि वितळून पुन्हा सळई होतो. जो तास त्या किसाबरोबर गेला तो काही वितळून परत येत नाही. त्या तासाचा हिशेब कोण ठेवतो, हे आज आम्हांला सांगायचे आहे.

आता काम कसे होते ते पाहू. नवख्याला वाटते, आधी सळई बाहेरून सुबक करावी आणि मग आत भोक पाडावे. ते उलटे आहे. आधी छिद्र, मग अंग, हा लेथवरचा जुना नियम आहे. पेनाच्या दांड्यात शाईच्या नळीसाठी साडेआठ मिलिमीटरचे, सत्तर मिलिमीटर खोल भोक पाडावे लागते. जाडीच्या तिप्पट-चौपट खोल गेले की ड्रिल आपला रस्ता सोडू लागते. इथे तर आठपट जायचे असते. शिवाय शेवट बंद, त्यामुळे आत काय चालले आहे ते दिसत नाही. थोडे आत जायचे, ड्रिल बाहेर काढून कीस झाडायचा, पुन्हा आत जायचे. आवाज बदलला की थांबायचे. बाहेरचे माप १२ मिलिमीटर धरले तर भिंत उरते पावणेदोन मिलिमीटरची. ड्रिल शेवटाला अर्धा मिलिमीटर सरकले, तर एका बाजूला सव्वादोन आणि दुसऱ्या बाजूला सव्वा, अशी ती भिंत होते. म्हणून भोकाला प्रमाण मानून बाहेरचे अंग नंतर कातायचे. ते कातताना जॉब धरायचा कशात? त्यासाठी त्याच आट्यांचा मँड्रेल आधी करून ठेवावा लागतो. पेन करण्याआधी पेन धरण्याचे हत्यार करावे लागते, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. ती पुढे पैशाच्या बोलण्यात येणार आहे.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. पितळ कापायला सोपे म्हणतात आणि ते आहेही. पण पोलादासाठी धार दिलेले ड्रिल पितळेत नेले तर ते स्क्रूसारखे आत ओढले जाते आणि चकमधला जॉब फिरतो. म्हणून पितळेच्या ड्रिलची धार दगडावर किंचित बोथट, सपाट करून घेतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ, पण ते टूलच्या टोकाला चिकटून बसते आणि पृष्ठभाग ओरबाडते. आपल्याकडे त्यावर रॉकेलचा थेंब सोडण्याची पद्धत आहे, आणि ती बरोबर आहे. स्टेनलेस पोलादावर टूल नुसते घासत ठेवले तर ती जागा जास्तच कठीण होते. टायटॅनियम सर्वांत मानी. त्याच्यातून उष्णता वाहून जात नाही, ती सगळी टूलच्या टोकाशी साठते. हायस्पीड पोलादाच्या टूलने १२ मिलिमीटरचे पितळ मिनिटाला सोळाशे फेऱ्यांच्या सुमाराने आरामात कातता येते. टायटॅनियमला तेच टूल असेल तर चारशेच्या आसपास राहावे लागते. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकले तर आग वाढते. कोरड्या वाळूची बादली जवळ हवी. किती लहान कारखान्यांत ती असते, हे श्रोत्यांपैकी जे त्या धंद्यात आहेत त्यांनी स्वतःच्या मनाशी सांगावे.

मग आटे. पेनाचे टोपण फिरवून काढायचे असते. साधे एकेरी आटे ठेवले तर चार मिलिमीटर लांबीच्या, ०.८ मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर टोपण पाच फेरे घेईल, आणि लिहिणारा कंटाळेल. म्हणून तीन वेगवेगळे आटे एकमेकांच्या शेजारून पाडतात. एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर पुढे सरकते आणि पाच फेऱ्यांचे काम पावणेदोन फेऱ्यांत होते. पहिला आटा पाडून झाला की जॉब बरोबर एक तृतीयांश फिरवून दुसरा, पुन्हा एक तृतीयांश फिरवून तिसरा. लेथ मिनिटाला साठ फेऱ्यांनी चालविला, म्हणजे अगदी सावकाश, तरी टूल दोन सेकंदांच्या आत खांद्यापर्यंत पोचते आणि त्याच क्षणी ते मागे ओढावे लागते. जाणता टर्नर अशा वेळी मोटर बंद करतो आणि चक हाताने फिरवून आटे पूर्ण करतो. टोपण आणि दांडा यांच्यामध्ये दोन शतांश मिलिमीटरची ढील असली तर टोपण मऊ फिरते. पाच शतांश झाली तर ते खुळखुळते. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. जॉब गरम असताना मोजून मोकळे झाले तर पितळ थंड झाल्यावर माप कमी भरते, म्हणून थांबावे लागते. हे थांबणेसुद्धा काम आहे.

शेवटी पॉलिश. एमरीची पट्टी फिरत्या जॉबवर धरायची ती दोन्ही टोके दोन हातांत, सैल धरून. बोटाभोवती गुंडाळायची नाही. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही नको, गळ्यात मफलर नको. आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात दुसरीकडे न्यायचा नाही. आमच्या संघटनेच्या कचेरीत अर्धी बोटे गेलेले सभासद येतात. त्यांपैकी बहुतेकांनी आम्हांला सांगितले, की घाई होती. ती घाई कुठून आली, हे शोधीत गेले म्हणजे माणूस रेटपाशी येऊन पोचतो.

आम्ही एकदा एका पितळी पेनाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिले. सळई कापण्यापासून पॉलिशपर्यंत साडेपाच तास लागले. त्यातला टूल प्रत्यक्ष धातूला लागलेला वेळ दोन तासांहून कमी निघाला. उरलेले साडेतीन तास गेले टूलला धार लावण्यात, मँड्रेल करण्यात, जॉब उलटसुलट पकडून खरा चालतो की नाही हे डायलवर पाहण्यात, मापे घेण्यात, थंड होण्याची वाट पाहण्यात, किसाने भरलेली जागा साफ करण्यात. आम्ही ज्या एका कारखान्यात पूर्वी काम करीत होतो, तिथे उक्त्या कामाचा दर ठरविण्यासाठी एक साहेब घड्याळ घेऊन टर्नरच्या मागे उभा राहत असे. कीस पडू लागला की तो घड्याळ सुरू करी आणि कीस थांबला की बंद करी. त्याच्या लेखी काम म्हणजे कीस. त्या पद्धतीने आमच्या पेनाचे साडेतीन तास फुकट गेले असते. आणि जो टर्नर टूलला नीट धार लावतो तो गरीब, जो बोथट टूल दाबून ओढतो तो कमाऊ, असा निकाल लागला असता. पुढे त्या कारखान्याच्या करारात धार लावण्याचा आणि सेटिंगचा वेळ दरात धरावा हे कलम आले. ते मोर्चाने आले नाही. वाटाघाटीच्या टेबलावर आमच्या बाजूने बसलेल्या एका जुन्या टर्नरने प्रत्येक पायरी मिनिटांसह सांगितली आणि समोरच्याला त्यातले एकही मिनिट खोडता आले नाही.

हा वाद आजचा नाही. लेथला आजचे रूप देणारांत हेन्री मॉडस्ले याचे नाव पहिल्या रांगेत येते. टूल हाताने धरण्याऐवजी सरकत्या आधारावर पक्के बसवायचे आणि लीडस्क्रूने अचूक आटे पाडायचे, हे त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केले. हा मॉडस्ले जोसेफ ब्रामा या लंडनच्या कारखानदाराकडे कामाला होता. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली बाहेर पडून त्याने स्वतःचे दुकान थाटले. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत येते. आम्हांला ती ओळ सर्व आकृत्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे विलायतेत १८५१ साली यंत्रकामगारांची मोठी संयुक्त संघटना उभी राहिली, तर १८५२ च्या आरंभीच मालकांनी टाळेबंदी केली. भांडण होते सक्तीच्या ओव्हरटाइमचे आणि उक्त्या कामाचे.

टर्नरच्या डोक्यातले ज्ञान काढून कचेरीत नेण्याचा पद्धतशीर प्रयत्न मात्र अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने केला. हा गृहस्थ मिडव्हेल पोलाद कारखान्यात स्वतः लेथवर काम करून मुकादम झाला होता, म्हणून त्याला मर्म ठाऊक होते. धातू किती वेगाने, किती खोल, कोणत्या धारेने कापावा, यावर त्याने सव्वीस वर्षे प्रयोग केले, आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा कीस केला आणि १९०६ साली ते सर्व निबंधरूपाने मांडले. आम्ही तो निबंध शब्दकोश घेऊन वाचला आहे. त्यातले शास्त्र खरे आहे. आम्ही मघाशी जे फेऱ्यांचे आकडे दिले त्यांची विचारपद्धती त्याच परंपरेतली. टेलरचा द्वेष करून भागणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की त्याने हे ज्ञान टर्नरला परत दिले नाही. त्याने ते साहेबाच्या गणनपट्टीत ठेवले आणि टर्नरला चिठ्ठी दिली: एवढ्या वेगाने, एवढ्या वेळात, विचारू नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच फाटा पुन्हा आला. यंत्र आपोआप चालविण्याचे दोन मार्ग त्या काळी अमेरिकेत पुढे होते. एका मार्गात कसबी कामगाराने पहिला नग स्वतः करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदल्या जायच्या आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून करायचे. दुसऱ्यात कचेरीत बसून आकडे लिहायचे आणि यंत्राने ते आकडे पाळायचे. याचे यंत्र मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९५२ साली दाखविले गेले. पहिला मार्ग मागे पडला आणि दुसरा जगभर पसरला. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली यावर ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन असे, की ही निवड केवळ खर्चाची नव्हती. कामावर ताबा कोणाचा, हा प्रश्न तिच्यात होता. त्याची सर्व मते आम्हांला पटतात असे नाही. गुंतागुंतीचे आकार त्या फितीच्या पद्धतीने नीट होत नसत, हेही खरे आहे. पण प्रश्न त्याने योग्य विचारला.

आज आपल्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी लेथ आहेत. त्या यंत्राशी आमचे वैर नाही. ते हजारावा नग पहिल्यासारखाच काढते, आणि माणसाचे बोट त्यापासून पुष्कळ दूर राहते. पण तिथला ऑपरेटर काय करतो ते पाहा. दार उघडतो, जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. पुष्कळ ठिकाणी प्रोग्रॅमला कुलूप असते. त्याला फार तर ऑफसेट बदलण्याची मुभा. तो मुलगा आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर असतो, पण मस्टरवर तो कंत्राटदाराचा, आणि काही महिन्यांनी त्याच्या जागी दुसरा येतो. दर ठरविताना त्याला विचारले, या कामात अवघड काय आहे, तर तो गप्प बसतो. तो बुद्धीने कमी आहे म्हणून नव्हे. संपूर्ण वस्तू कधी त्याच्या हातून गेलेलीच नसते.

म्हणून आमच्या कचेरीमागच्या खोलीत आम्ही एक जुना लेथ ठेवला आहे, आणि रविवारी तरुण सभासदांना एकच काम देतो: एक सळई घ्या आणि पेन करा. पेनच का, असे आम्हांला विचारतात. बोल्ट का नाही? तर पेनात सगळे येते. खोल भोक येते, आतले आणि बाहेरचे आटे येतात, निमुळते अंग येते, बसविणूक येते. आणि शेवटी ती वस्तू हातात धरून करणाऱ्यालाच तिची परीक्षा घेता येते. पहिल्या महिन्यात मुले सळया फुकट घालवितात. पितळ महाग आहे, म्हणून आरंभ अ‍ॅल्युमिनियमवर करतात. प्रत्येकाने वहीत पायरी आणि मिनिटे लिहायची असतात. वहीचा कंटाळा सर्वांना येतो, पण आम्ही वही पाहिल्याशिवाय दुसरी सळई देत नाही. दोन मुलांनी त्या वहीच्या जोरावर आपल्या खात्यातला सेटिंगचा वेळ नव्याने मांडून घेतला. बाकीच्यांपैकी कित्येकांना नुसतेच पेन मिळाले. तेही काही वाईट नाही.

कोणी म्हणेल, हा छंद आहे. हाताने कातलेली धातूची पेने शौकीन लोक हजारो रुपये देऊन घेतात, आणि काही कसबी माणसे त्यावर स्वतंत्रपणे पोट भरतात. त्यांचे आम्हांला कौतुक आहे. पण बंद पडलेल्या कारखान्यातल्या प्रत्येक टर्नरने पेने करावीत, असा उपदेश आम्ही कधी करणार नाही. एवढी पेने घेणार कोण? हरिहरच्या किर्लोस्करांच्या कारखान्यात एके काळी लेथ बनत, बंगलोरला १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स निघाली तीही लेथपासूनच. त्या लेथांवर उभी राहिलेली माणसे शौकिनांच्या बाजारावर जगू शकणार नाहीत. त्यांना पगार हवा, मस्टरवर नाव हवे.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर लबाडी होईल. आमचे पेन संपूर्ण आमचे नाही. निब लेथवर होत नाही. ती पत्रा कापून, दाबून, चिरून, टोकाला अतिकठीण धातूचा कण जोडून होते. आम्ही ती विकत आणतो. शाईची नळीही विकतचीच. उघड्या पितळेला शाई लागत राहिली तर पितळ खराब होते आणि शाईही बिघडते, म्हणून दांड्यात थेट शाई भरता येत नाही. टोपणाच्या क्लिपला स्प्रिंगसारखा धातू लागतो, पितळ वाकून तसेच राहते. तेव्हा एकट्याने सगळे केले, ही बढाई आम्ही मारीत नाही. सळई ओतणारा, ओढणारा, निब घासणारा, असे पुष्कळ हात त्यात आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचा वेळ कोणी कसा मोजला हे आम्हांला पेनाकडे पाहून कळत नाही.

आमच्या मुलांनी केलेली दोन पेने आम्ही आणली आहेत, एक पितळेचे आणि एक अ‍ॅल्युमिनियमचे. ती पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्यावीत. दोन्हींत शाई आहे. पितळेचे जड लागेल, आणि हाताला थोडा वास राहील. तो धुतल्यावर जातो. टोपणाला तीन आटे आहेत, ते सहज सुटते, जोर लावू नये. ज्यांना प्रश्न लिहून पाठवायचे असतील त्यांनी त्याच पेनाने लिहून अध्यक्षांकडे द्यावेत.